एका घराची शिरगणती

आपल्या महाविद्यालयाची सहल दौलताबादला जाते तेव्हा बस थेट किल्ल्याच्या दरवाजापाशी थांबते. आपण चांदमिनारापाशी फोटो काढतो. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर कैदेत होता व १६९९ मध्ये तेथेच वारला, हे ऐकतो. अंधारीतून एकमेकांचे हात धरून वर जातो आणि उतरल्यावर सीताफळे घेऊन परत फिरतो. भिल्लम यादव, अल्लाउद्दीन, महंमद तुघलक, मलिक अंबर, शहाजहान ही सगळी मंडळी आपल्या वहीत येतात. येत नाही ते एकच, किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. प्रस्तुत लेखकाचे घर त्या गावात आहे, म्हणून ही तक्रार थोडी घरचीच आहे असे समजावे.

आमचे घर फार मोठे नाही. काळ्या दगडाचे जोते, पुढे ओसरी, आत दोन खोल्या, भिंतीत कमानदार दिवळ्या. पणजोबांनी ते विकत घेतले एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधी तेथे कोण राहत होते हे मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीला विचारले. आजी या घरात सून म्हणून आली ती साठ वर्षांपूर्वी. ती म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, मुसलमानाचं घर व्हतं. लई भले लोक व्हते म्हणं. नाव काय की बाबा." ज्यांनी दिवळ्या बांधल्या त्यांचे नाव दिवळीत रोज दिवा लावणाऱ्या बाईला ठाऊक नाही, ही गोष्ट मनाला लागली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणवून घेतो तर एवढे तरी शोधून काढावे असे ठरवले.

सुरुवात जनगणनेपासून केली, कारण परदेशात लोक असेच करतात असे वाचले होते. इंग्लंडमध्ये जनगणनेच्या मूळ याद्या शंभर वर्षांनी लोकांना खुल्या होतात. १९२१ च्या याद्या २०२२ च्या जानेवारीत खुल्या झाल्या. अमेरिकेत ही मुदत बहात्तर वर्षांची आहे आणि १९५० च्या याद्या २०२२ च्या एप्रिलमध्ये खुल्या झाल्या. तेथे एखाद्याने रस्त्याचे नाव व घरक्रमांक घेऊन बसावे आणि त्या रात्री त्या घरात कोण निजले होते, त्यांचे वय काय, धंदा काय, हे सारे वाचावे. अर्थात तेथेही आग लागते. इंग्लंडच्या १९३१ च्या याद्या १९४२ साली जळून गेल्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या याद्यांचा बराच भाग १९२१ च्या आगीत गेला. पण जे उरले ते माणसांच्या नावानिशी उरले आहे.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि या संस्थानातही १८८१ पासून दर दहा वर्षांनी गणती झालेली आहे. उर्दूत तिला मर्दुमशुमारी म्हणत. आपल्याकडे पेशवाईतील खानेसुमारी हा शब्द जुनाच आहे. दोन्ही शब्दांत ‘सुमारी’ एकच, फरक एवढाच की एकात माणसे मोजायची आणि दुसऱ्यात घरे. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. संस्थानचा कारभार फसली सनाने चाले. फेब्रुवारी-मार्चातील तारीख असेल तर फसली सनात ५९१ मिळवले की इसवी सन येतो. या हिशेबाने १८८१ ची गणती १२९० फसलीची, १८९१ ची १३००, १९०१ ची १३१०, आणि असेच पुढे १९४१ ची १३५० फसलीची. गोऱ्या सरकारने आपल्या सोयीने ठरवलेली वर्षे निजामाच्या दप्तरात अशी बरोबर शून्यावर येऊन बसली. जुन्या उर्दू कागदात १३४० हा आकडा दिसला की मनात १९३१ म्हणावे, पुष्कळ घोटाळा वाचतो.

तर १८८१ ते १९४१ अशा सात गणत्या, आणि आमचे घर निदान शे-सव्वाशे वर्षांचे. निदान तीन-चार वेळा तरी गणतीदार आमच्या ओसरीवर बसला असणार. त्याने काय लिहिले?

ग्रंथालयात जे सापडले ते असे. १९११ सालच्या ब्रिटानिका विश्वकोशात दौलताबादची १९०१ ची लोकसंख्या दिली आहे, १,३५७. बस्स. महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे ज्या नगरात आणून वसवली, तेथे १ मार्च १९०१ च्या रात्री एक हजार तीनशे सत्तावन्न माणसे होती. त्यांत आमच्या घरात राहणारेही होते. म्हणजे ती माणसे मोजली गेली आहेत, याविषयी शंका नाही. पण ती त्या आकड्यात अशी विरघळली आहेत की परत बाहेर काढता येत नाहीत.

हे असे का झाले, ते समजून घेणे आवश्यक आहे. त्या काळची पद्धत अशी होती. गणतीच्या रात्रीच्या काही आठवडे आधी घरांवर क्रमांक टाकीत. मग गणतीदार दारोदार हिंडून प्रत्येक माणसाची ओळ काळ्या शाईने भरून ठेवी. त्यात नाव, धर्म, जात, वय, लग्न, धंदा, जन्मठिकाण, भाषा, लिहिता-वाचता येते की नाही, आंधळेपण-बहिरेपण असे रकाने असत. ठरल्या रात्री तो पुन्हा कंदील घेऊन फिरे. मधल्या काळात कोणी मेले असेल तर ओळ खोडी, बाळ जन्मले असेल तर वाढवी, पाहुणा आला असेल तर त्याची भर घाली, आणि हे सर्व लाल शाईने. एका रात्रीत सारा देश मोजण्याची ही रीत १९३१ पर्यंत चालली, १९४१ मध्ये ती सोडून दिली. तेव्हा दौलताबादच्या गल्लीतून १९३१ च्या २६ फेब्रुवारीस कंदील घेतलेला एक गणतीदार गेला असेल, हे चित्र मला फार आवडते. त्याच्या वहीत आमच्या घराची काळी-लाल ओळ होती.

पुढे त्या वह्यांचे काय होई? १९०१ पासून चिठ्ठ्यांची पद्धत आली. ती मूळ बव्हेरियातील. प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी, धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा, स्त्री-पुरुष व विवाहित-अविवाहित यांना खुणा. कारकून चिठ्ठ्या गठ्ठ्यांत टाकीत व गठ्ठे मोजीत. पाणक्या किती, विणकर किती, विधवा किती, हे काढावयाचे असेल तर नावाची गरजच नसते. आकडे छापून झाले की वह्या व चिठ्ठ्या दोन्ही निकामी, रद्दी. इंग्लंडात त्याच वह्या जपून ठेवल्या गेल्या आणि आपल्याकडे तक्ते तेवढे जपले. साहेबाला या देशाची जात, धर्म व धंदा हवा होता. माणसाचे नाव त्याला कशाला हवे होते?

आणि समजा, वही उरली असती. तरी तीत आमच्या घरातील स्त्रिया सापडल्या असत्या असे नाही. स्त्रीचे नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ लिहावे, अशी मुभा त्या काळच्या सूचनांत होती. ही गोष्ट केवळ साहेबाच्या काळाची नव्हे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार झाल्या तेव्हा, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगून स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली होती. त्यांत उत्तरेकडील राज्यांचा भाग मोठा होता हे खरे. पण ‘ह्यांचं घर’ म्हणणारी आजी माझ्यापुढेच बसलेली होती.

छापील तक्ते निरुपयोगी आहेत असे मात्र कोणी समजू नये. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये १,१५,३७,०४० होती, ती १९०१ मध्ये १,११,४१,१४२ वर आली. मध्ये १८९९-१९०० चा दुष्काळ होता. १९११ मध्ये ती १,३३,७४,६७६ झाली आणि १९२१ मध्ये पुन्हा १,२४,७१,७७० वर घसरली. मध्ये १९१८ चा इन्फ्लुएंझा होता. घराचा इतिहास लिहिणाऱ्याने हे दोन खड्डे लक्षात ठेवावेत. मराठवाड्यातील एखाद्या जुन्या घराची मालकी या दोन दशकांत एकदम बदललेली दिसली, तर तेथे विक्रीइतकाच मृत्यूचाही संशय घ्यावा.

‘घर’ या शब्दाचीही एक गंमत आहे. जुन्या गणत्यांत बऱ्याच प्रांतांत घर म्हणजे एक चूल असे धरीत. एका वाड्यात तीन भाऊ वेगळे निघाले की तीन घरे झाली, भिंत एकही न वाढता! उलट मायलेकी दोन खोल्यांत राहून एका चुलीवर जेवत असतील तर घर एकच. १९५१ मध्ये घर आणि कुटुंब यांची फारकत झाली. वेगळे मुख्य दार असलेले ते घर व एका स्वयंपाकात जेवणारे ते कुटुंब. त्यामुळे १९३१ ची घरे आणि १९५१ ची घरे ताडून पाहू म्हणणाऱ्याने आधी चुली आणि दारे वेगळी करावीत. आमचे सर हे वर्गात सांगत तेव्हा आम्ही हसत असू. आता हसू येत नाही.

स्वातंत्र्यानंतर तर दार कायद्यानेच बंद झाले. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे गणतीच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणासही नाही आणि पुरावा म्हणूनही त्या सहसा चालत नाहीत. प्रथम वाचले तेव्हा राग आला. पण १९५१ साली आमच्या गावात गणतीदार आला असेल त्या वेळची परिस्थिती आठवावी. तीन वर्षांपूर्वी १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली होती. त्याआधी रझाकारांच्या धामधुमीत कित्येक हिंदू कुटुंबे संस्थानच्या सीमेपलीकडे गेली होती. त्यानंतर कित्येक मुसलमान कुटुंबांना मार बसला व ती घरे सोडून गेली. अशा गावात परका माणूस वही घेऊन दारात उभा राहतो आणि तुझा धर्म कोणता, जन्म कोठचा, असे विचारतो. ही वही उद्या कोर्टात किंवा पोलिसांपुढे उघडणार नाही, असे त्याला सांगता आले नाही तर कोण खरे बोलेल? तेव्हा कायदा मला पटतो. शंभर वर्षांनंतरही दार बंदच असावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

१९५१ चा एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. त्या गणतीच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावोगावची राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार करण्यात आली होती. घरे ओळीने, आणि प्रत्येक घरापुढे माणसे नावानिशी. आसामात पुढे याच जुन्या नोंदवहीचा आधार घेऊन नवी यादी झाली व २०१९ च्या ऑगस्टअखेर ती प्रसिद्ध झाली. तिच्यापायी लाखो लोकांना आजोबांचे नाव शोधीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. मी आपल्याकडील एका कचेरीत ‘एकावन्नची नागरिक वही’ असे विचारले तेव्हा समोरचे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पोरा, एक्याण्णवचं सापडंना, तू एकावन्नचं इचारतो." ते माणूस म्हणून चांगले होते, चहाही पाजला.

आता माझी एक फजिती. आमच्या दाराच्या चौकटीवर एकावर एक असे तीन-चार क्रमांक आहेत, काही तेलरंगाचे, एक डांबराचा. डांबराचा क्रमांक म्हणजे जुन्या गणतीचा, असे मानून मी त्याची वहीत सुरेख नक्कल केली व दोन दिवस त्याच्यावर तर्क लढवले. शेवटी शेजारच्या काकांनी सांगितले की तो हिवतापवाल्यांनी फवारणीच्या वेळी टाकलेला आहे. हिवताप नियंत्रणाची मोहीम १९५३ पासूनची. तेव्हा चौकटीवरच्या आकड्यावर भाळू नये. शिवाय दर गणतीला क्रमांक नव्याने पडतात, मागचा पुढच्याशी जुळत नाही. पल्स पोलिओची खूणही तेथेच आहे. सरकारच्या सर्व खात्यांना आमची चौकट मिळाली, आम्हाला मात्र एकाही खात्याची वही मिळाली नाही!

म्हणून मग दुसरी वाट धरली. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची यादी, उपयोगी खरी. तीत मालक व भोगवटदार असे दोन वेगळे रकाने असतात. हा भेद मोलाचा आहे, कारण राहणारा तो मालक असेलच असे नाही. पण ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, तेव्हा त्यामागे ही यादी जात नाही. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. पण ते शेताचे कागद, गावठाणातल्या घराशी त्याचा संबंध नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हापासून ही कागदांची नावे आमच्या गावात पारावर ऐकू येऊ लागली. हैदराबाद गॅझेटियर हा शब्द तर शेंबड्या पोराच्या तोंडी आहे. पण तेथेही अडचण तीच. गॅझेटियरात जातींचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. नाव हवे तर गावच्या कागदाकडे यावे लागते, आणि तो कागद मोडीत किंवा उर्दूत असतो. ते वाचणारे तेव्हा शोधून शोधून आणावे लागले.

आमच्याकडेही तसेच झाले. पणजोबांचे खरेदीखत आजीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली, कापडात गुंडाळलेले होते. घरात एकालाही ते वाचता येत नाही. गावातील एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, आम्ही सर्व त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी ते भिंगाने वाचले. सन १३५९ फसली, म्हणजे १९४९-५०. विकणाऱ्याचे नाव, ‘वल्द’ म्हणून वडिलांचे नाव, आणि पुढे ‘साकिन दौलताबाद, हाल मुकाम हैदराबाद’. वाचता वाचता चाचा थांबले व म्हणाले, "बेटा, घर विकताना माणूस आपला गाव लिहितो तो साकिन. जिथं बसून लिहितो तो हाल मुकाम." त्यांच्या घरच्यांना विचारल्याविना ते नाव येथे छापणे बरे नव्हे, म्हणून छापीत नाही.

या कागदातील सर्वांत मोलाचा भाग नावाचा नव्हे, चतुःसीमेचा. शर्क, गर्ब, शुमाल, जुनूब, म्हणजे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. पूर्वेस अमक्या तांबोळ्याचे घर, उत्तरेस रस्ता, पश्चिमेस एका विधवेचे घर (तिचे नाव नाही, नवऱ्याचे आहे), दक्षिणेस मशिदीकडे जाणारी बोळ. घराचा क्रमांक बदलतो, मालक बदलतो, पण बोळ सहसा हलत नाही. चतुःसीमेवरून घर ओळखता येते आणि एका कागदात शेजारची घरेही मिळतात. गल्लीतील पाच-सहा खरेदीखते एकत्र ठेवली तर एकमेकांच्या सीमांवरून १९५० ची अख्खी गल्ली नावानिशी उभी करता येईल. जी यादी जनगणनेने रद्दीत घातली तिचा एक कोपरा असा परत मिळतो. विद्यार्थी मित्रांनी आपापल्या गल्लीत हे करून पाहावे. पेट्या आजीच्या असतात, तेव्हा आधी आजीला राजी करावे.

वडिलांचे नाव हाती आल्यावर शाळेत गेलो. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात, उर्दू पानांवर, त्याच वडिलांच्या नावाखाली दोन मुले सापडली. चाचाच बरोबर होते. एकाचे वय नऊ, दुसऱ्याचे सात. दोघांची नावे १३५८ फसलीच्या आरंभी कमी झाली आहेत, म्हणजे १९४८ चा ऑक्टोबर किंवा त्यानंतरचे काही आठवडे. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द आहे, गैरहाजर. चाचांनी तो शब्द वाचला आणि भिंग खाली ठेवले. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

ती मुले आज हयात असतील तर पंच्याऐंशीच्या घरात असतील. हैदराबादचा तपास चाचांच्या एका नातेवाइकाकडे दिला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

२०२१ ची जनगणना महासाथीमुळे लांबली, आणि पुढच्या गणतीसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरला आहे. या वेळी वही नाही, मोबाईलवरच नोंद व्हायची आहे. त्यात आमची नावे जातील आणि कायद्याप्रमाणे बंद होतील. म्हणून मी एक साधी दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर खरेदीखतातील चतुःसीमा मराठीत उतरवली, तिच्याखाली विकणाऱ्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव व त्या दोन मुलांची नावे लिहिली. दुसऱ्या पानावर आज घरात असलेली माणसे. आजीची ओळ भरताना मी आजोबांच्या नावाने सुरुवात केली तर तिने वही पुढ्यात ओढली. तिला वाचता येत नाही. तिने विचारले, "त्या पोरांच्या मायचं नाव लिव्हलं का?" ते कोणत्याच कागदात नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग तिच्यासाठी जागा सोड. आन् माझं माहेरचं बी नाव लिव्ह."

मुलांच्या नावांच्या वर एक ओळ कोरी ठेवली आहे.